राजाच्या बहिणीची गोष्ट

२०१९ साल. मी एकसष्ट वर्षांचा होतो, आणि त्या वर्षी मी वाचायला शिकलो. लोक आपल्या लहानपणावर लिहितात, कुठल्या झाडावरून पडलो, कुठल्या मास्तरांनी छडी मारली. माझी शाळा दुसरीत सुटली. बापाने मिठागरावर नेलं, हातात फावडं दिलं, आणि ते पुढे चौदा वर्षं हातातून सुटलं नाही. त्याचं मला काही वाईट वाटत नाही, आणि दुसऱ्या कुणी वाटून घेतलेलं मला चालत नाही. पण तुला शहाणपण कधी आलं असं कुणी विचारलं तर मी त्याच वर्षाचं नाव घेतो, दाढी पांढरी झाल्यानंतरचं. म्हणून माझ्या वाढण्याच्या गोष्टीत हे प्रकरण यायलाच हवं. नात म्हणते, आजोबा, हे तर म्हातारपणात घालायला पाहिजे. मी म्हटलं, पुस्तक माझं आहे.

आम्ही तेव्हा करावे गावातच राहत होतो, आजही तिथेच आहोत. शहरासाठी सरकारने जमिनी घेतल्या, त्यांच्या बदल्यात साडेबारा टक्क्यांचा जो प्लॉट मिळाला त्यावर आमची तीन मजली इमारत आहे. वरच्या मजल्यावर आम्ही, खाली भाडेकरू. घरातला दिवस पाण्याच्या मोटरने सुरू व्हायचा, मग तीन मजल्यांवरचे कुकर एकामागून एक शिट्ट्या द्यायचे, मग पलीकडे नवा टॉवर चढत होता त्याचं खडखड सुरू व्हायचं ते संध्याकाळपर्यंत. श्रावणात मासळी बंद. माझी बायको मथुरा महिनाभर वालाचं बिरडं, शिराळ्याची भाजी आणि तांदळाच्या भाकऱ्या करायची, आणि मी महिनाभर उगाच तिच्यावर करवादायचो, कारण नाकात सुक्या जवळ्याचा वास आठवत असायचा. त्या वर्षी तर मला बसवतच नव्हतं. बसलो की उजवा गुडघा हलायला लागायचा. मथुरा गुडघ्यावर हात ठेवून म्हणायची, "अवो, शिवणयंत्र बंद करा."

आता आमच्या पोथीचं सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. श्रावणात आमच्या देवळात महिनाभर पोथी लागते, दिवेलागणीला. तिला दोन माणसं लागतात. एक वाचणारा, तो ओवी सुरात वाचतो आणि थांबतो. मग दुसरा तिचा अर्थ सांगतो, साध्या भाषेत, आमच्या आगरी बोलीत, मध्ये दोन गमती घालून. वाचणाऱ्याने अर्थात तोंड घालायचं नाही आणि अर्थ सांगणाऱ्याने ओवीत, अशी रीत. वाचणारे पदूतात्या, कारखान्यात टाइमकीपर होते. अर्थ सांगणारा मी, हसू. माझ्या आधी ती जागा बाळारामकाकांची होती, बापाचे थोरले भाऊ. मी लहानपणापासून त्यांच्या मांडीला मांडी लावून बसलो आणि त्यांचा सगळा अर्थ माझ्या तोंडात आला. ओव्या जुन्या भाषेतल्या, सुरात पळणाऱ्या. त्यातला एखादा शब्द कानाने पकडायचा आणि काकांनी त्या जागी जे सांगितलं ते सुरू करायचं. मी तिशीत त्या जागेवर बसलो आणि माझ्याइतका अर्थ कुणी रंगवत नाही असं अख्खा गाव म्हणायचा. मला वाचता येत नाही हे लोकांना ठाऊक होतं की नव्हतं, कोण जाणे. मी सही करायचो, बसची पाटी ओळखायचो, आणि सकाळी पेपर हातात धरून चहा प्यायचो. विचारायची कुणाची छाती नव्हती.

त्या उन्हाळ्यात समाजमंदिरात एक राखाडी पेटी आली. त्यात पुस्तकं वाचायची यंत्रं होती, पाटीसारखी, काळ्या कव्हरातली, वीसेक. कुठल्याशा संस्थेने गावातल्या शाळकरी पोरांसाठी दिली होती. पोरांनी दोन दिवस हाताळली, त्यात गेम नाहीत असं कळल्यावर पेटीत टाकली. ती शिकवायला खारघरहून श्रुती नावाची मुलगी यायची, कॉलेज नुकतंच संपवलेली. पोरं येईनात तेव्हा तिने दुपारी गावातल्या बायकांचा वर्ग सुरू केला, आणि बायकांनी मागितली म्हणून आमची पोथी त्या यंत्रात भरून दिली. हे ऐकून मी भांडायला गेलो. पोथी पाटावर असते, वस्त्रात असते, ती चार्जिंगला लावायची वस्तू नाही असं मी दारातूनच सुनावलं.

"बरोबर आहे काका," ती म्हणाली. "तुम्हीच अर्थ सांगता ना? मग जरा बघून सांगा, सगळं नीट उतरलंय का. मला यातलं काही कळत नाही."

बायका पदराआडून माझ्याकडे बघत होत्या. यंत्र हातात घेण्याशिवाय गत्यंतर नव्हतं. पानभर मुंग्या दिसल्या. मी म्हटलं, अक्षर बारीक आहे, माझा चष्मा घरी आहे. तिने दोन बोटं काचेवर ठेवून फाकवली आणि अक्षर मोठं झालं. परत फाकवली, आणखी मोठं. शेवटी पानावर तीनच शब्द उरले, एकेक बोराएवढं अक्षर. पहिला शब्द 'ॐ' होता, दुसरा 'नमो'. मला ते वाचता आले. आजही मला तो क्षण आठवला की अंगातून काहीतरी सरकतं. तीन शब्दांच्या पानाला भ्यायचं काय? मिठागरावर मी याहून मोठे ढीग उपसले होते.

मग मी रोज जायला लागलो. पोथी तपासतो असं घरी सांगून. सुरुवातीला एक शब्द लागायला एक मिनिट, पण पुढचा शब्द कानात आधीच तयार असायचा, म्हणून डोळे त्याच्यामागून फरपटत का होईना यायचे. पानाच्या खालच्या कोपऱ्यात किती टक्के वाचून झालं ते दिसायचं. एक टक्का पंधरा दिवस हलला नाही. मी ओवीपेक्षा त्या आकड्याकडेच जास्त बघायचो आणि गुडघा हलायचा. श्रुती म्हणायची, "काका, टेन्शन घेऊ नका, कुठे जायचंय आपल्याला?" तिला काय सांगणार. जूनपर्यंत मी बऱ्यापैकी वाचायला लागलो, अक्षर एका पानावर सात-आठ ओळींपर्यंत बारीक केलं, आणि गावभर सांगत सुटलो. गप्प राहिलो असतो तर हे प्रकरण लिहायची वेळ आली नसती.

नारळी पुनवेला माझी बहीण गुलाब राखी बांधायला आली. ती नावड्याला दिलेली, नवरा गेलेला, दोन खोल्यांच्या घरात मुलाबरोबर राहते. वर्षातून एकदाच यायची, राखी बांधायची, पाणी प्यायची, जायची. त्या दिवशी मथुराने नारळीभात केला होता. गुलाबने दोन घास खाल्ले आणि ताट बाजूला सारलं.

"दादूस, तू वाचाला शिकलास म्हनतान. खरा हाय?"

"बघ की." मी यंत्र काढून दोन ओव्या वाचून दाखवल्या. छाती फुगली होती.

तिने नीट ऐकलं. मग म्हणाली, "मना ती राजाच्या बहिनीची गोष्ट वाचून दाव."

मथुराचा हात भांड्यावर थांबला. ती गोष्ट आमच्या घरात कुणी काढत नसे. एका राजाची बहीण भावाकडे वाटा मागते. राजा अर्धं रान देतो. ती वाटा घेऊन खाडीच्या बांधावरून निघते, तर तिच्या प्रत्येक पावलामागे बांध फुटत जातो, खारं पाणी आत शिरतं, भावाचं पिकतं रान बुडतं, आणि शेवटी ती वळून बघते तर माहेरच उरलेलं नसतं. काका ही गोष्ट सांगायचे, त्यांच्यामागे मी सांगायचो. प्लॉट मिळायचे होते त्या वर्षी बहिणींच्या हक्कसोडीवर सह्या लागत होत्या. गुलाब नाही म्हणाली होती. मला माझा वाटा पाहिजे, एवढंच म्हणाली होती. त्या श्रावणात ती पोथीला येऊन बसली आणि मी ती गोष्ट सांगितली, तिच्याकडे बघत, एकेक पाऊल, एकेक बांध. बायका रडल्या. दुसऱ्या दिवशी तिने अंगठा दिला. गावातल्या आणखी बऱ्याच जणींनी दिला. या इमारतीच्या पायात ती गोष्ट आहे.

"आता कुठे शोधू? मोठी पोथी आहे," मी म्हटलं.

"समाप्तीला येन मी. तवा वाच. मना अर्थ नको, मना लिवलेला ऐकाचा हाय." आणि ती बससाठी उठली.

दुसऱ्या दिवशी मी श्रुतीला म्हटलं, एक गोष्ट काढून दे. तिने सांगितलं की या यंत्राला कुठलाही शब्द विचारला की तो पोथीत जिथे जिथे आहे त्या सगळ्या जागा ते दाखवतं. मला ते आवडलं. पदूतात्यांनाही हे जमलं नसतं. तिने 'बहीण' घातलं, मग 'भगिनी' घातलं. एकूण अकरा जागा निघाल्या. आम्ही एकेक वाचली. कुठे देवीला भगिनी म्हटलेलं, कुठे ऋषीची बहीण पाणी आणायला गेलेली. मग 'बांध', मग 'वाटा'. राजाची बहीण कुठेच नव्हती.

"यात अर्धीच पोथी भरलीय," मी म्हटलं.

"काका, पूर्ण आहे."

"मग तुझ्या यंत्राला शोधता येत नाही. त्याला काय कळतंय पोथीतलं?"

ती म्हणाली, "तसं असेल तर तुम्हीच वाचा ना सगळी. तुम्ही वाचलंत तर मी मानेन."

समाप्तीला तेरा दिवस होते. मी यंत्र घरी नेलं. सकाळी गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसायचो, जेवायला खाली यायचो, परत वर. बावीस टक्के. तीस. मध्येच उठून गच्चीला फेऱ्या घालायचो, कठड्याशी उभा राहून खाडीकडे बघायचो, परत बसायचो. पदूतात्यांची घरची छापील पोथीही मी मागून आणली आणि जिथे शंका आली तिथे दोन्ही शेजारी ठेवून ओळीला ओळ लावली. यंत्रात एक ओवीही कमी नव्हती. जसजसं वाचत गेलो तसतशी एक वेगळीच गोष्ट लक्षात यायला लागली. पोथीतल्या राजांच्या राज्यात डोंगर होते, अरण्यं होती, नद्या होत्या. खाडी नव्हती. खाऱ्या पाण्याचा बांध नव्हता. असणार कुठून? पोथी लिहिणाऱ्याने आमचा मुलूख पाहिलेला नसणार. बांध फुटल्यावर काय होतं हे आमच्या काकांना ठाऊक होतं. शंभर टक्के झाले त्या दिवशी दुपारचे तीन वाजले होते आणि माझा गुडघा हलत नव्हता.

मी खाली आलो. मथुरा परातीत भाकरीचं पीठ मळत होती. मी तिला सांगितलं, ती गोष्ट पोथीत नाही. काकांनी रचलेली आहे.

ती मळायची थांबली. मला वाटलं गुलाबचं काही बोलेल. ती म्हणाली, "मग मी कशाला सही दिली माज्या भावांना?"

हे मला ठाऊकच नव्हतं. म्हणजे तिने सही दिली हे ठाऊक होतं. पण ती माझी गोष्ट ऐकून दिली हे तिने मला इतक्या वर्षांत सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं. त्या संध्याकाळी बिरड्यात मीठ नव्हतं. मी तसंच खाल्लं. मिठागरावर वाढलेल्या माणसाने अळणी कसं खायचं असतं ते मी त्या दिवशी शिकलो.

पदूतात्यांना पोथी परत द्यायला गेलो तेव्हा विचारलं, तुम्हाला माहीत होतं? ते ओटीवर पाय पसरून बसले होते.

"ओवी वाचणार मी. मना माहीत नसंल तर कुनाला?"

"मग बोलला नाहीत कधी?"

"अर्थ तुजा. तुज्या अर्थात मी कशाला बोलू? रीत हाय." मग म्हणाले, "आन मना पन तीन बहिनी हायत, हसू. गोष्ट चांगली व्हती. सगल्यांना चालली. आता तू बी गप र्‍हा. समाप्तीला प्रसाद वाटू, घरी जाऊ."

मुलगाही तेच म्हणाला, निलेश. "बाबा, टेन्शन कशाला घेता? सगळं कायदेशीर झालंय." कायदेशीर झालंय हे मलाही ठाऊक होतं. खरं सांगायचं तर दोन दिवस मीही तसाच विचार केला. गुलाबला वाचता येत नाही. यंत्र हातात धरून तोंडाने तीच गोष्ट म्हटली असती तर कुणाला कळणार होतं? पदूतात्या तर बोलणारच नव्हते. मी हे लपवत नाही, लिहितो आहे. पण मला एक गोष्ट सहन होईना. मी वाचायला शिकलो ते कुणी मला अडाणी म्हणू नये म्हणून. आता वाचता येत असताना न वाचता बोललो, तर मी अडाणीच बरा होतो. याला कुणी चांगुलपणा म्हणेल. तो माझा ताठा होता.

समाप्तीला देऊळ भरलं होतं. गुलाब पुढेच बसली होती, हिरवं लुगडं, हात मांडीवर. पदूतात्यांनी शेवटचा अध्याय संपवला. मी अर्थ सांगायला तोंड उघडायच्या आधी तीच म्हणाली, "दादूस, वाच."

यंत्र माझ्या मांडीवर होतं. मी ते बंद केलं. "मी ही पोथी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली," मी म्हटलं. "राजाच्या बहिणीची गोष्ट तिच्यात नाही. मी इतकी वर्षं जी सांगितली ती पोथीतली नाही."

मग मागून एक जण म्हणाला, "दादा, आता हे कशाला? प्रसाद थंड होतोय." दोघेतिघे हसले. बायकांच्या बाजूला मात्र कुजबूज सुरू झाली, ती वाढत गेली, आणि कुणीतरी म्हातारी भावाच्या नावाने काहीतरी बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही. पदूतात्या वस्त्राच्या घड्या घालत बसले, ती चौथी घडी असेल.

गुलाब उठली. माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "मी वाचल्याबिगर अंगठा दिला," ती म्हणाली. "मना येत नवता. तुना पन येत नवता, तरी तू अर्थ दिलास." मग प्रसादाचे चणे पदरात घेतले आणि बसस्टॉपकडे निघाली. मी मागून हाक मारली. ती वळली नाही. मथुरा तिच्याबरोबर चालत गेली, बस येईपर्यंत उभी राहिली. दोघी काय बोलल्या ते मथुराने मला आजवर सांगितलेलं नाही.

त्यानंतरच्या श्रावणापासून अर्थ सांगणारा दुसरा आहे. चांगला सांगतो. मी मागे भिंतीला टेकून बसतो आणि ओवी कानावर आली की मनात तिचं पान उलटतो.

समाप्तीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी लोखंडी कपाटातून हक्कसोडीचा कागद काढला. तो मी आयुष्यात कधी वाचला नव्हता. खिशात घालून नावड्याला गेलो. गुलाब ओटी झाडत होती. झाडू ठेवला नाही, पण थांबली.

"चाय पिशील?"

"नंतर. आधी खाली बस."

ती पायरीवर बसली आणि मी उभ्यानेच वाचायला लागलो. टाइप केलेला बारीक कागद, कोर्टाची भाषा, अक्षर मोठं करायची सोय नाही. चष्मा दोनदा पुसला. शेजारच्या बायका दारात आल्या, मी थांबलो नाही. कुठली जमीन, किती वाटा, कुणाच्या हक्कात सोडला, सगळं. तिने मध्ये एकदाच विचारलं, "ही वंडालेवरची खाचरा पन व्हती त्यात?" आमच्या भातशेतीतला तो तुकडाही होता; मी हो म्हटलं. शेवटच्या पानावर शेवटची ओळ होती: हा दस्त मला वाचून दाखवला असून तो मला समजला आहे. तिच्याखाली तिचा अंगठा, निळा. ती ओळ मला दोनदा वाचावी लागली.

मग मी तिच्या नातवाची वही मागितली आणि पायरीवर तिच्याशेजारी बसलो. सहीशिवाय मी शाळा सुटल्यापासून एक अक्षर लिहिलेलं नव्हतं. वाचता येतं म्हणजे लिहिता येतं असं नाही, हे शिकलेल्यांना कळत नाही. वकिलाकडे नंतर जायचंच होतं, पण पहिला कागद मला माझ्या हाताने पाहिजे होता. एक ओळ लिहायला अर्धा तास लागला: प्लॉटमध्ये माझी बहीण गुलाब हिचा निम्मा वाटा आहे. खाली सही केली, आणि वही तिच्या हातात द्यायच्या आधी तिला ती वाचून दाखवली.